काबाराची म्हणवलेली काथवट

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे. पीठ मळायची नव्हे, यांगोना नावाचं पेय कालवायची. यांगोनाची वाळलेली मुळं कुटतात, ती फडक्यात बांधून माझ्यातल्या पाण्यात पिळतात आणि मग करवंटीने एकेकाला देतात. फिजीतल्या आमच्या वुनिवेसी गावात पाहुणा आला, कुणी वारलं, कुणाचं लग्न ठरलं, दोघांचं भांडण मिटलं, काहीही झालं तरी मला मध्ये मांडतात. मला चार पाय आहेत. पोट पसरट आहे. आणि त्या पोटाला डमरूच्या आकाराचं एक ठिगळ आहे. त्या ठिगळाची गोष्ट आठवली की मला अजून धाकधूक होते.

मी काथवट होण्याआधी बोटींच्या धक्क्याचा खांब होते. मी वेसीच्या झाडाची, आणि ते लाकूड लोखंडासारखं असतं. साठ वर्षं मी खाऱ्या पाण्यात उभी राहिले, तरी कुजले नाही. पुढे सिमेंटचा नवा धक्का झाला आणि आम्हा जुन्या खांबांना राजधानीजवळच्या तुरुंगाच्या सुतारखान्यात धाडलं. तिथे मला अलिपाते भेटला.

अलिपाते तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तीन वर्षांची शिक्षा भोगायला आला होता. त्याला शिकवायला फिलिमोनी नावाचे म्हातारे सुतार रोज बाहेरून येत. ते काबारा बेटाचे. काबाराच्या काथवटी म्हणजे आमच्याकडे पहिल्या प्रतीच्या. गावोगावचे लोक त्यांच्यासाठी वाट बघत बसतात. अलिपातेने लाकूड तासायचा वाकस उचलला आणि माझ्यावर अगदी हळूच टेकवला.

"अरे, ते लाकूड आहे, जेलर नाही," फिलिमोनी म्हणाले. "एवढं बिचकून काय मारतोस?"

चौथ्या दिवशी माझ्या अंगात एक खोल भोक निघालं. धक्क्याचा जुना खिळा तिथे गंजून गेला होता. अलिपातेने वाकस खाली ठेवला.

"वाया गेलं, मास्तर. दुसरा खांब घेतो."

"दुसरा कुठून आणणार? तुझ्या मामाचा कारखाना आहे का? फिरव तिला. भोक पायात येईल असं फिरव, आणि बुजव."

त्याने मला फिरवलं. भोक माझ्या चौथ्या पायाच्या आतल्या बाजूला आलं. त्यात त्याने अंगठ्याएवढी फिक्या लाकडाची गुडदी ठोकून बसवली आणि घासून सपाट केली. बोट फिरवल्याशिवाय ती कळत नाही. नंतर चाळीस दिवस तो मला खोबरेल तेल चोळत होता. तिथे केलेल्या वस्तूवर कैद्याने नाव घालायचं नाही, असा नियम होता. म्हणून माझ्या तळाला सुतारखान्याची एक कागदी चिठ्ठी डकवली आणि मला दुकानात नेऊन ठेवलं. अलिपाते मला निरोप द्यायला येऊ शकत नव्हता, हे तुम्हाला कळेलच.

मला विकत घेतलं ते वुनिवेसीचे कारभारी इलाइतिया यांनी. गावाने त्यांना काबाराची काथवट आणायला पाठवलं होतं. पण काबाराची बोट आठवडाभर आलीच नाही, आणि यांची परतीची बोट दुपारी सुटणार होती. घाईने ते तुरुंगाच्या दुकानात शिरले. मला उलटंसुलटं करून बघितलं, वाजवून बघितलं आणि काखेत मारलं. बोट किनाऱ्यापासून दूर गेल्यावर त्यांनी माझ्या तळाची चिठ्ठी ओली करून सोलली आणि समुद्रात टाकली.

गावी पोचल्यावर सगळे जमले. रातू केमुएली हे आमच्या गावचे सरदार, फार वयस्कर. त्यांनी माझ्या काठावरून हात फिरवला. "काबाराचीच ना?"

इलाइतियांनी तोंड उघडलं. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. "दुसरी कुठली असणार, रातू?" ते म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून मी काबाराची झाले.

मित्रांनो, खोट्या नावाने मान घेताना बरं वाटत नाही. पाहुणे यायचे, मला टिचकी मारायचे, म्हणायचे, "वा! काबाराचा हात काही लपत नाही." ते सगळंच चूक नव्हतं म्हणा. हात शिकवलेला काबाराचाच होता. पण ज्याचा हात होता तो अजून गजांआड होता. त्याचं नाव गावात निघालं की लोक विषय बदलायचे. कारण अलिपाते ह्याच गावात वाढला होता. इलाइतियांच्या सख्ख्या बहिणीचा, वासेमाकाचा, तो मुलगा. नवरा वारल्यावर ती लेकराला घेऊन माहेरी आली होती.

आमच्याकडे बहिणीच्या मुलाचा मोठा हक्क असतो. भाच्याने मामाच्या गावात काही मागितलं, तर नाही म्हणणं कठीण. डुक्कर मागो, होडी मागो. अलिपातेने मागितलं नाही. त्याने गावच्या होडीचं इंजिन पहाटे उचलून नेलं, शहरात विकलं आणि तिथल्या दोन मित्रांच्या नादाने एक दुकानही फोडलं. बायकांनी दोन वर्षं चटया विणून ते इंजिन घेतलं होतं. त्याच महिन्यात होडीवाल्या जोसाइयाच्या बायकोचे दिवस भरले. इंजिन नाही, म्हणून तिला वल्ही मारत दवाखान्यात न्यावं लागलं. पाच तास लागले. मायलेक वाचली, पण ते पाच तास जोसाइया विसरला नाही.

शिक्षा संपवून अलिपाते घरी आला त्या संध्याकाळी सभाघरात बैठक होती. मला बघताच तो दारातच थांबला. मग खाली बसला, चपलांच्या शेजारी. थोड्या वेळाने करवंट्या पुसायच्या निमित्ताने पुढे सरकला आणि त्याचं बोट माझ्या चौथ्या पायाच्या आत गेलं. गुडदीवर थांबलं.

"काय रे, काय बघतोस?" रातूंनी विचारलं. "काबाराची आहे ती. तुझ्या मामाने आणली."

अलिपातेने मामांकडे बघितलं. इलाइतियांची नजर पाण्याच्या बादलीत होती.

"छान आहे, रातू," अलिपाते म्हणाला, आणि परत चपलांपाशी जाऊन बसला.

तो बोलला असता तर? मामांची अब्रू तिथेच गेली असती. मी मनात म्हणत होते, बोलू नकोस. आणि तेही मनात येत होतं, की बोल. मला जीभ नाही, हे तेव्हा बरंच झालं.

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. आमच्या बैठकीत करवंटी मानाप्रमाणे फिरते. आधी रातू, मग वडीलधारे, मग बाकीचे, शेवटी दाराशी बसलेला. अलिपातेला कुणी 'ऊठ' म्हटलं नाही, शिवी दिली नाही. फक्त करवंटी त्याच्यापर्यंत यायच्या आधी मी रिकामी व्हायचे. रोज. वाढायला इलाइतियांचा मुलगा तोमासी बसायचा. तो माझ्या तळाला करवंटी खरवडायचा आणि ओरडायचा, "संपलं!" मग दुसरं पाणी ओतलं की पुन्हा रातूंपासून सुरुवात. पाणी किती घालायचं ते जोसाइया ठरवायचा. तो तांब्याने अगदी बेताचं ओतायचा. वर्षभरात अलिपातेच्या ओठाला एकदाही करवंटी लागली नाही, आणि ज्या पोटातून ती भरायची ते त्यानेच कोरलेलं होतं.

दिवसा तो काम शोधायला जायचा. आई त्याचा सदरा कोळशाच्या इस्त्रीने कडक करून द्यायची. लाकडाच्या गिरणीत त्याने रंधा मारून दाखवला, मुकादम खूश झाला, मग पोलिसांचा दाखला मागितला. दाखल्यावर जे होतं ते होतं. समुद्रकाठच्या हॉटेलात खुर्च्या दुरुस्त करायचं काम तीन दिवस मिळालं. चौथ्या दिवशी कुणाचं तरी घड्याळ सापडेना. घड्याळ संध्याकाळी पोहायच्या तलावाजवळ मिळालं, पण तोवर अलिपातेला घरी पाठवलं होतं. हे सगळं मला कळायचं, कारण बैठकीत लोक हळू बोलतात ते माझ्याच डोक्यावरून जातं.

तोमासी तेवढा त्याच्याशी उघड बोलायचा. मामेभाऊ म्हणजे आमच्याकडे मेव्हणाच, थट्टेचं नातं.

"काय मेव्हण्या, आज कुठे नकार खाल्लास?"

"बर्फाच्या कारखान्यात."

"वा! गारेगार नकार! अरे, तू भाचा ना गावाचा? हक्काने माग की माझ्या बापाकडे. म्हण, मला काम लावून द्या."

"मागायचं होतं तेव्हा न मागता घेतलं," अलिपाते म्हणाला. "आता कुठल्या तोंडाने मागू?"

तोमासी करवंट्या गोळा करायला लागला.

पुढे मोठं वादळ आलं. सभाघराचं छप्पर उडालं, भिंती बसल्या. मी पत्र्याखाली तीन आठवडे पडून होते. दिवसभर पत्रा तापायचा. मला काढून इलाइतियांच्या घरी नेलं, पण तेल लावायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. लोकांना स्वतःची घरं उभी करायची होती, मी कुणाला बोल लावत नाही. पण लाकूड सुकलं की आक्रसतं. एका दुपारी माझ्या पोटात बारीक आवाज झाला. काठापासून तळापर्यंत वीतभर चीर गेली.

त्याच सुमाराला बातमी आली की नवं सभाघर बांधायला शहरातून मुकादम येतोय. त्याला गावातले चार सुतार हवे होते, आणि काम चांगलं झालं तर तोच चमू पुढे आणखी तीन गावांत नेणार होता. मुकादमाचं नाव सुरुजपाल. त्याने निरोप धाडला होता: "पोलिसांचा कागद मी बघत नाही. कारभाऱ्याने हमी द्यायची. हत्यारं हरवली तर कारभाऱ्याला धरीन." शनिवारी इलाइतियांच्या घरी बैठक, तिथेच चार नावं ठरणार होती.

वासेमाका भावाकडे आली. ती ओट्यावरच बसली, आत आली नाही.

"दादा, चारात त्याचं नाव घाल. ह्या वेळी नाही झालं तर तो शहरात जाईल. तिथे ते दोघे मित्र त्याची वाटच बघतायत. परवा निरोप होता त्यांचा."

"मी नाव घातलं तर लोक काय म्हणतील? मामाने भाच्याला चिकटवला. आणि जोसाइयाला काय सांगू?"

"ते मला काय विचारतोस? तू कारभारी."

ती गेली. इलाइतियांनी मला जवळ ओढलं. मग त्यांना माझी चीर दिसली. शनिवार दोन दिवसांवर होता. पाहुण्यापुढे गळकी काथवट मांडायची म्हणजे गावाची नाचक्की, आणि काबाराहून माणूस आणायला महिना लागला असता. सकाळी त्यांनी मला चटईत गुंडाळलं आणि मागच्या वाटेने बहिणीच्या घरी नेलं.

अलिपाते अंगणात नारळ सोलत होता. मला बघून उठला.

"होईल का काही?" मामांनी विचारलं.

त्याने चिरेवरून बोट फिरवलं. "होईल. पण शनिवारी पहिलं पाणी पडल्यावर टिकेल की नाही, ते आज सांगता येणार नाही."

"काबाराच्या काथवटीला हात लावायला भीती नाही ना वाटत?"

अलिपातेने मला उलटं केलं. काही न बोलता मामांचा हात धरला आणि त्यांचं बोट माझ्या चौथ्या पायाच्या आत, त्या गुडदीवर टेकवलं.

"इथे खिळ्याचं भोक होतं, मामा. बुजवायला मला दोन दिवस लागले."

इलाइतियांनी हात काढून घेतला नाही. "आल्या दिवसापासून तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही चिठ्ठी का काढलीत?"

इलाइतिया उठून गेले, आणि शनिवारबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

अलिपातेने चिरेच्या दोन्ही बाजूंना पटाशीने खाच घेतली, वेसीच्याच लाकडाची डमरूसारखी खुंटी करून ती आडवी बसवली आणि फटीत नीरफणसाचा चीक भरला. मग चोळचोळून तेल लावलं. मित्रांनो, तो दुखवत नव्हता, पण पुन्हा बिचकत होता, अगदी पहिल्या दिवसासारखा. मी गळले तर सगळे म्हणणार होते, ह्याच्या हाताला यश नाही. मी गळले नाही तर काय म्हणणार होते, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

शनिवारी दुपारी सुरुजपाल आला. बुटका, पांढऱ्या मिशांचा, कानावर पेन्सिल. त्याला रातूंच्या शेजारी बसवलं. अलिपाते दाराशी, चपलांपाशी. जोसाइयाने तांब्या उचलला आणि पाणी ओतलं.

पाणी माझ्या चिरेवर आलं. खुंटीभोवती शिरलं. मी अंग घट्ट धरलं. लाकडाला जेवढं फुगता येतं तेवढी फुगले. पोटाखाली ओल जाणवली. एक थेंब जमत होता. तोमासी मुळांची पुरचुंडी पिळत होता आणि त्याच्या प्रत्येक पिळण्याबरोबर तो थेंब हलत होता. दाराशी अलिपाते माझ्या पोटाखालची चटई बघत होता, दुसरीकडे कुठेही नाही. थेंब लोंबला. चिकाच्या कडेला अडला. तिथेच थांबला. मग लाकडाने तो आत ओढून घेतला. चटई कोरडी राहिली.

रातू प्यायले. सुरुजपाल प्यायला, रिवाजाप्रमाणे टाळी वाजवली आणि वाकून माझ्या पोटाखाली बघू लागला. नखाने ठिगळ वाजवलं.

"हे कुणी केलं?"

"काबाराची आहे," रातू अभिमानाने म्हणाले.

"असेल, रातू. पण ठिगळ नवं आहे. काबाराहून कुणी पोहत आलं का ह्या आठवड्यात?"

लोक हसले. इलाइतिया हसले नाहीत. त्यांनी दाराकडे बघितलं. अलिपातेने अगदी बारीक मान हलवली: नको.

"ज्याने काथवट केली, त्यानेच ठिगळ लावलं," इलाइतिया म्हणाले. मग ते रातूंकडे वळून गुडघ्यांवर आले. "रातू, साडेतीन वर्षं मी एक गोष्ट लपवली. ही काबाराची नाही. तुरुंगाच्या दुकानातून आणली. चिठ्ठी मी काढली. कुणी केली ते मलाही माहीत नव्हतं, काल कळलं. तो दाराशी बसलाय."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"म्हणजे," तोमासी हळूच म्हणाला, "साडेतीन वर्षं अख्खं गाव तुरुंगातलंच पितंय?"

आधी रातूंचं पोट हललं. मग सगळेच हसायला लागले. रातूंनी डोळे पुसले आणि हात वर केला. सगळे गप्प झाले.

"इलाइतिया, तुझं तू मला नंतर सांगशील. मुकादम, तुमची चार नावं?"

तीन नावं इलाइतियांनी भराभर घेतली. चौथं घेताना ते दाराकडे वळले. "अलिपाते. हमी माझी. हत्यारं गेली तर मला धरा. भाचा म्हणून नाही. ठिगळ बघितलंत म्हणून."

सुरुजपालने कानावरची पेन्सिल काढून नाव लिहिलं. "सोमवारी सातला. उशीर झाला तर पाचवा माणूस बघीन."

करवंटी पुढे निघाली. वडीलधारे झाले, बाकीचे झाले. तोमासीने माझ्या तळाला खरवडलं. अर्धीसुद्धा भरेना. त्याने तोंड उघडलं, आणि सवयीने ओरडणार, एवढ्यात थांबला. सगळे जोसाइयाकडे बघत होते. तांब्या त्याच्यापाशी होता.

जोसाइयाने तांब्याची कड बोटाने पुसली. मग त्याने तांब्या उचलला आणि कुणाकडेही न बघता माझ्यात पाणी ओतलं. बेताचं नाही, भरपूर. तोमासीने पुरचुंडी पिळली आणि करवंटी रातूंकडे न नेता थेट दाराशी दिली. अलिपाते प्यायला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोसाइयाने वाजवल्या नाहीत. त्याने तांब्या खाली ठेवला आणि तो घरी गेला. मी त्याला दोष देत नाही. पाच तास वल्ही त्याने मारली होती.

आता नव्या सभाघराचं छप्पर चढत आलंय. अलिपाते सहालाच कामावर असतो. हत्यारं संध्याकाळी दोनदा तपासतो, स्वतःचीच नव्हे, सगळ्यांची. एकदा रंधा सापडला नाही तेव्हा त्याचं तोंड राखेसारखं झालं. रंधा सुरुजपालच्याच पिशवीत होता. शुक्रवारी काम संपेल. पुढच्या गावाला त्याला नेणार की नाही, ते मुकादमाने अजून सांगितलेलं नाही. विचारायचा त्याला धीर होत नाही, आणि मला विचारता येत नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला दोनच गोष्टी सांगते. लाकडाला वेळेवर तेल लावा. सुकू दिलंत तर ते चिरतं, आणि मग त्यालाच नावं ठेवता. आणि वाटायला बसाल तेव्हा आधी दाराकडे बघा. तिथे कुणी बसलेलं असेल, तर 'संपलं' म्हणण्याआधी आणखी एक तांब्या ओता. माझ्या पोटात जागा असते. नेहमीच होती.